सान लोरेन्सोचे टेकू

१

पुन्ता ब्रावाच्या खाणकामगारांचा कमानीवर विश्वास नव्हता. सान लोरेन्सोचं चर्च बांधायचं ठरलं तेव्हा कंपनीच्या इंजिनियरने आपल्या मायदेशातून आराखडा मागवला. टोकदार कमानी, आभाळात घुसणारं छत, उंच अरुंद खिडक्या. दगड कामगारांनी वाहिले, भिंती त्यांनीच रचल्या, कित्येक वर्षांचे रविवार त्यात घातले. पण मधोमध कशाचाही आधार नसताना कमान उभी राहते, हे काही त्यांच्या गळी उतरलं नाही. समुद्रतळाखालच्या खाणीत, डोक्यावर अख्खा समुद्र घेऊन कोळसा फोडणाऱ्या माणसाला वर लाकूड दिसल्याशिवाय प्रार्थना सुचेना. इंजिनियर बोटीत बसला आणि पुढच्याच रविवारी यांनी दोन्ही बाजूंच्या माळ्यांखाली निलगिरीचे टेकू उभे केले. खाली बोगद्यात करतात तसेच, डोक्यावर पाचर ठोकून घट्ट. एकेका घराने एकेक टेकू दिला आणि त्यावर तापल्या सळईने आपलं आडनाव डागलं. पुढे मोठा भूकंप झाला, गावातली निम्मी घरं बसली, चर्च उभंच राहिलं. त्यानंतर कमानीची बाजू घ्यायला कोणी उरलं नाही.

या चर्चची झाडलोट सुनिल्दा नेइरा बघायची. खाण बंद होऊन काही वर्षं झाली होती. पाद्री आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग फक्त सणाला. आता त्याचे नुसते निरोप यायचे. माणसं कोन्सेप्सियोनला, सान्तियागोला, जिथे काम मिळेल तिथे पांगली. सुनिल्दा मात्र रोज सकाळी टेकडी चढून कुलूप काढायची. कोणासाठी, हे तिला विचारायची सोय नव्हती.

आत गेली की ती एकेक टेकू फडक्याने पुसायची आणि पुसता पुसता त्याच्याशी बोलायची.

"काय लेआल, गुडघा काय म्हणतोय? सान्हुएसाबाई, मुलाचं पत्र येतं का, की तोही विसरला? कारिय्यो, तू गप्प बस, तुझं तोंड उघडलं की संध्याकाळ होते."

आळी रिकामी झाली होती, पण डागलेली आडनावं जागच्या जागी होती. तेवढ्यावर तिचं निभत होतं.

दाराजवळचा शेवटचा टेकू नेइरांचा, म्हणजे तिच्याच घराचा. त्याच्याशेजारी तिचा बाक. संध्याकाळी निघताना ती झाडूच्या दांड्याने त्या टेकूवर ठोकायची. ठक ठक, जरा थांबून, ठक. नवऱ्याची ही सवय. नोल्बेर्तो टेकू लावणारा होता. लाकडाला विचारल्याशिवाय पाळी सोडायची नाही, हा त्याचा नेम. लाकूड भरीव वाजलं की सगळं ठीक, पोकळ वाजलं की काही खरं नाही.

नोल्बेर्तो एका स्फोटानंतर अडकलेल्यांना आणायला गेलेल्या टोळीत होता. ज्यांना आणायला गेले ते आले नाहीत आणि आणायला गेलेलेही आले नाहीत. समुद्र आत शिरला आणि कंपनीने त्या बोगद्याच्या तोंडाशी भिंत घातली. सुनिल्दाला पुरायला काही मिळालं नाही. मिळाली ती ही ठकठक, आणि ती तिने रोज चालू ठेवली.

२

जुलै लागला होता. खाडीवरून धुकं येऊन खिडक्यांना चिकटलं होतं आणि चर्चमध्ये सकाळी दिवा लावावा लागत होता. वेदीच्या मागे एक बुटकं दार आहे, तिथून पायऱ्या तळघरात उतरतात. शेगडीचा कोळसा पूर्वी तिथे ठेवायचे. त्या बाजूने पुसत येताना सुनिल्दाने नेहमीसारखं तोंड उघडलं, "काय हो..." आणि पुढचं आडनाव सापडेना.

टेकूवर नाव नव्हतं.

ती मागे सरकली. हे लेआल, हे सान्हुएसा, आणि मध्ये हा. साल न काढलेला, ताजा तोडलेला. सालीवरून पाणी निथळत होतं आणि खाली फरशीवर ओल आली होती. डोक्यावर पाचर व्यवस्थित बसवलेली. तिने बोट लावून चाखलं. पाणी खारट होतं.

असं काही दिसलं की शहाणं माणूस आधी नगरपालिकेला शिव्या घालतं, तिनेही घातल्या. छताला भेगा गेल्यात म्हणून लोक येऊन बघून गेले होतेच. आले असतील पुन्हा, लावला असेल टेकू, सांगायची रीत नाही. किल्ली मात्र एकच होती, तिच्या गळ्यात, दोरीला. हा विचार तिने जरा बाजूला ठेवला.

बेकरीतल्या फोनवरून तिने नगरपालिकेत विचारलं. तिथल्या मुलीने कोणालाही पाठवलं नसल्याचं सांगितलं. वर जोडलं, "बाई, ते चर्च या महिन्याच्या शेवटी बंदच होणार आहे. बिशपच्या कचेरीतून कळवलंय ना तुम्हाला? आता तिथे कोण खर्च करतंय?"

कळवलं होतं. सुनिल्दाने तो कागद साखरेच्या डब्याखाली ठेवला होता.

मग तिने लेकीला फोन लावला. रोक्साना कोन्सेप्सियोनला एका दवाखान्यात परिचारिका होती.

"आई, टेकू काय घेऊन बसलीस? तू निघतेयस की नाही ते सांग. खोली तयार आहे. खिडकीतून नदी दिसते."

"इथे समुद्र दिसतो."

"समुद्राने काय दिलं ग आपल्याला? तिथे तुझं कोण आहे आता? पडलीस, झडलीस, तर आठवडाभर कळायचं नाही कोणाला. एकटी राहतेस तू."

"एकटी कुठे? एवढे शेजारी आहेत."

"लाकडं आहेत ती, आई."

पलीकडून रोक्सानाचा आवाज ओला झाला तशी सुनिल्दा म्हणाली, "येईन ग. कुलूप लागलं की येईन." आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. त्या संध्याकाळी तिने नेइरांच्या टेकूवर ठोकलं. लाकूड भरीव वाजलं.

३

दुसरा टेकू आला तोही ओला, तोही नाव नसलेला. मग समोर त्याचा जोडीदार आला आणि दोघांच्या डोक्यावर आडवं लाकूड. खाली अशालाच चौकट म्हणतात. दोन उभे, एक आडवा. अशा चौकटीमागून चौकट लावत बोगदा पुढे नेतात.

चौकटी माळ्याखाली होत्या तोवर सुनिल्दा मनाला समजावू शकली. पण एका सकाळी तिने दार उघडलं तर चौकट मधल्या मोकळ्या जागेत उभी होती, बाकांच्या मधल्या वाटेवर. तिच्या डोक्यावर काही नव्हतं. कित्येक हात नुसती हवा आणि मग ते टोकदार छत. तरी आडव्या लाकडावर पाचरी मारलेल्या होत्या, खडकाला भिडवून मारतात तशा. आणि लाकूड कण्हत होतं. ओझं आलं की निलगिरी आधी बारीक कुरकुरते, मग कण्हते. खाणीतली माणसं म्हणूनच तिच्यावर जीव टाकत. ती न सांगता मोडत नाही. हवेखाली उभं राहून ते लाकूड ओझ्याने कण्हत होतं.

मग सुनिल्दाने जे केलं ते तिच्या जागी कोणीही केलं असतं. चौकटीखालून जाऊन बघितलं.

पाऊल चौकटीत पडताच कानात दडे बसले. धुक्याची थंडी गेली. हवा कोमट, दमट, अंगाला चिकटणारी. तिने "सान लोरेन्सो" म्हटलं तर आवाज वर गेलाच नाही, तोंडाशीच थांबला. एरवी या चर्चमध्ये शिंकलं तरी छतापर्यंत जाऊन परत यायचं. ती बाहेर आली आणि तिला हुडहुडी भरली.

"रक्तदाब," ती मोठ्याने म्हणाली. छताने ते दोनदा परत केलं.

घरी जाऊन तिने कासुएलाचा रस्सा गरम केला, पण चमचा हातात तसाच राहिला. एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. तळघराच्या दारापासून निघालेली ती चौकटींची वाट सरळ येत नव्हती. बाकांना वळसा घालून ती तिरपी झाली होती आणि तिचं तोंड दाराकडे होतं, नेइरांच्या टेकूकडे, तिच्या बाकाकडे.

४

गावात आता जुना म्हणावा असा एवारिस्तो फिएर्रो उरला होता. नोल्बेर्तोबरोबर त्याने अर्धं आयुष्य खाली काढलं होतं. कोळशाने छाती भरली होती, चार पावलं टाकली की थांबायचा. टेकडी चढायला त्याला अख्खी दुपार लागली.

"वहिनी, देवाच्या भेटीला मी आपोआप जाणारच होतो," दाराला टेकून तो धापा टाकत म्हणाला. "आजच न्यायची काय घाई होती?"

"भावजी, बोलू नका. आत या आणि बघा. मला वेड लागलं असेल तर तसं सांगा."

"ते सांगायला टेकडी कशाला चढवलीत? खालीच सांगितलं असतं."

आत येऊन त्याने चौकटी पाहिल्या आणि थट्टा तिथेच संपली. तो पहिल्या चौकटीपाशी गेला, दुसऱ्या, तिसऱ्या. टोपी काढून काखेत मारली. आडव्या लाकडावर हात ठेवला आणि थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला. मग पाचरीवरून अंगठा फिरवला.

"डावीकडून मारलीय," तो म्हणाला.

पाचर डावीकडून मारणारा डावखुरा टेकूवाला पुन्ता ब्रावात एकच होऊन गेला होता, आणि सुनिल्दाने त्याच्या डाव्या हाताला वीस वर्षं मलम चोळलं होतं.

"वहिनी, संध्याकाळी तुम्ही इथे काय करता?"

"काय करणार? झाडते, दिवा मालवते, कुलूप लावते."

"आणखी?"

"आणखी काही नाही. लाकडाला विचारते, ते करायचे तसं." तिने झाडू उचलला आणि दाखवण्यासाठी नेइरांच्या टेकूवर ठोकलं. ठक ठक.

तिसरा ठोका पडायच्या आत एवारिस्तोने दांडा धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"रोज?"

"रोज. ते गेल्यापासून."

"खाली पंप चालू होते तोवर कोणाला ऐकू जाणार! इथे माणसांची वर्दळ होती, घंटा होती, पोरांचा आरडाओरडा होता." तो बाकावर बसला. श्वास जुळवायला त्याला वेळ लागला. "आता सगळं शांत झालंय. आणि बंद जागेतून रोज कोणीतरी एकटंच ठोकतंय. ठक ठक, थांबून, ठक. खाली याचा अर्थ एकच होतो, वहिनी. मी जिवंत आहे, मला न्या."

बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. सुनिल्दाला ते फार लांबचे वाटले.

"ते अडकलेल्यांना आणायला गेले होते," ती हळूच म्हणाली.

"आणि कोणी मिळालं नाही. मिळाल्याशिवाय टोळी परत फिरत नाही. उत्तर येतंय तोवर तर नाहीच."

"आणि मिळालं तर?"

"पहिलं विचारतात, आणखी कोण आहे? असेल तर पुढे जातात. नसेल तर माणसाला मध्ये घेतात आणि टेकू काढत काढत मागे सरतात. वाट मिटवून टाकतात." त्याने टोपी डोक्यावर चढवली. "ठोकू नका, वहिनी. मन कितीही ओढलं तरी ठोकू नका. आणि लेकीकडे जा. नोल्बेर्तोला मी भाऊ मानत होतो, पण या लाकडाखालून मी त्याला भेटायला जाणार नाही."

उतरताना त्याने तिचा आधार घेतला. थट्टा एकही केली नाही.

५

त्या संध्याकाळी तिने झाडू कोपऱ्यात ठेवला आणि कुलूप लावायला निघाली. उंबऱ्यापाशी पोचली तोच खालून आलं.

ठक ठक. आणि मग बराच वेळ काही नाही. तिला वाटलं, संपलं. तेव्हा तिसरा आला.

तिसरा ठोका असा उशिरा मारणारा माणूस तिला ठाऊक होता. लग्नाआधी तो तिच्या घराच्या कुडावर असाच ठोकायचा. मध्येच काहीतरी आठवल्यासारखा थांबायचा, आणि आत ती हसू दाबून वाट बघायची. सुनिल्दाने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. तिला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत आलं होतं आणि त्याला काय म्हणावं हे तिला कळेना. मग तिने सरळ कबूल केलं. तिला उत्तर द्यायचं होतं. इतक्या वर्षांत तिला असं कोणी बोलावलंच नव्हतं.

तिने दिलं नाही. रोक्सानाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, नदीवरची खिडकी आणली, आणि बाहेर पडून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशीही खालून विचारणा झाली. तिसऱ्या दिवशी ठोके पुन्हा पुन्हा आले, घाईघाईने, वेगवेगळ्या ठिकाणांहून. माणसं भिंतीला कान लावून हरवलेला आवाज शोधत असावीत. सुनिल्दा वेदीपुढे गुडघे टेकून बसली होती. तिने शालीचं टोक दातांत धरलं आणि रडली. त्यांना वाटत असेल, गेली. आपण पोचायच्या आधी गेली. एवढ्या लांब येऊन.

पण चौकटी थांबल्या. नवं लाकूड येईना. आलेलं सुकू लागलं. ठोके रोज थोडे अशक्त होत गेले आणि एके दिवशी आलेच नाहीत.

तिने टेकू पुसले, पण त्या दिवशी लेआलशी बोलली नाही, सान्हुएसाबाईंशीही नाही. घरी जाऊन काळा झगा काढला आणि इस्त्री केला. पहिल्या वेळी तिला नीट विधवाही होता आलं नव्हतं. यावेळी झाली.

मग तिने बॅग भरली.

६

रोक्साना महिनाअखेरीला सकाळीच गाडी घेऊन आली. आईची बॅग, आईचा रेडिओ, जिरेनियमची कुंडी, सगळं मागच्या सीटवर बसलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं लाकडं पण घ्यावी लागतील."

"घेतली असती, पण तुझ्या त्या खुराड्यात मावायची नाहीत."

दोघी हसल्या. असं हसून बराच काळ झाला होता. किल्ली एवारिस्तोकडे द्यायची होती. बिशपच्या कचेरीचा माणूस त्याच्याकडून नेणार होता. पण रोक्साना म्हणाली, "एकदा आत जाऊन येऊ ना ग. बाबांच्या टेकूला हात लावते."

नको म्हणायला सुनिल्दाकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय सगळं थांबलं होतं.

आत धुक्याचा पांढरा उजेड होता. रोक्सानाने मधल्या चौकटी पाहिल्या. "अरे वा, डागडुजी काढली की काय? आणि तू म्हणतेस बंद होणार."

"हं," सुनिल्दा म्हणाली. तिचं लक्ष शेवटच्या चौकटीकडे होतं. लाकूड कोरडं होतं.

रोक्साना दाराजवळच्या टेकूपाशी गेली. डागलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवली. "मला खांद्यावर घ्यायचे आणि इथे वर हात पोचवायचे. आठवतं? म्हणायचे, विचार बघू लाकडाला."

"रोक्सा..."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत रोक्सानाने बोटांची मूठ केली होती. ठक ठक. आणि मग बापासारखंच थांबून, हसून, ठक.

उत्तर तत्काळ आलं. रोक्सानाच्या बुटांच्या बरोबर खालून. एका माणसाचं नव्हतं ते. बरेच हात होते आणि त्यात आनंद होता.

रोक्साना दचकून बाजूला झाली. "हे काय ग? पाइपात हवा अडकली असेल ना?"

"हो," सुनिल्दा म्हणाली. "हवाच."

तळघराच्या बाजूने हातोडा वाजला. तिथली फरशी ओली दिसू लागली होती.

७

"तू गाडी वळवून घे," सुनिल्दा म्हणाली. आवाज तिने बाजारातून काय आणायचं ते सांगतानाचा ठेवला. "मी दिवा मालवते, कुलूप लावते, येते."

"मी थांबते ना."

"गाडी उतारावर लावलीस. ब्रेक सुटला तर माझी कुंडी समुद्रात जाईल. जा म्हटलं ना!"

रोक्साना कुरकुरत गेली. दारातून तिने वळून पाहिलं, एवढंसं हसली. सुनिल्दाने तो चेहरा नीट बघून घेतला आणि दार लावून आतून अडसर घातला.

हातोडा आता जवळ होता. दिवसाढवळ्या लाकूड येताना तिने कधी पाहिलं नव्हतं आणि आताही तिने पाहिलं नाही. नजर हलवली की आधी नसलेली चौकट तिथे असायची. वाट सरळ नेइरांच्या टेकूकडे येत होती, जिथे रोक्साना उभी होती तिकडे. पुढे दार होतं. दारापुढे उतार, गाडी, रस्ता. ज्याचं उत्तर आलं त्याच्यासाठी ते किती लांब जातात, हे कोण सांगणार? इतकी वर्षं थांबले होते.

तिने झाडू उचलला आणि उलट्या दिशेला, चर्चच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथल्या, वेदीकडच्या लेआलच्या टेकूवर दांडा आपटला. ठक ठक. ठक. "इकडे," ती ओरडली. "मी इकडे आहे."

हातोडा थांबला. खालच्यांनी कान दिल्यासारखी शांतता झाली.

आणि दारावर थाप पडली. "आई? आतून कडी का लावलीस? आई!" रोक्साना दार ठोकत होती. ठक ठक ठक.

लगेच हातोडा दाराच्या बाजूने वाजला.

"ठोकू नकोस!" सुनिल्दा किंचाळली. पण ते दार जाड होतं. कामगारांनीच बनवलेलं, वादळाला पुरून उरेल असं. बाहेर काही पोचलं नसावं. थापा वाढल्या. पोरगी घाबरली होती. परिचारिका होती ती, तिला वाटलं असणार आई आत पडली. ती थांबणार नव्हती. सुनिल्दाने दांडा मोडेपर्यंत ठोकलं, मग मुठीने ठोकलं. हातोडा मध्येच घुटमळला, एकदा इकडे, एकदा तिकडे. खाली कोणीतरी विचारात पडलं होतं. दोघं आहेत की काय?

तेव्हा तिला कळलं की ठोकून भागणार नाही.

ती चालत मधल्या वाटेवर आली आणि पहिल्या चौकटीत शिरली. कानात दडे बसले. रोक्सानाच्या थापा एकदम लांब गेल्या, शेजारच्या आळीतून आल्यासारख्या. कोमट हवा, ओल्या लाकडाचा वास, घामाचा वास. वर अख्खं उंच छत होतं हे तिला माहीत होतं, तरी तिने मान खाली घातली. पुढची चौकट आणखी बुटकी होती. वाट उताराला लागली. इथे तळघराचं दार असायला हवं होतं. पण ते आलं नाही आणि लाकडं पुढे जातच राहिली.

खोलवर एक पिवळा ठिपका हलला. त्याच्यामागे आणखी काही. सगळ्यात पुढचा दिवा खाली झुकला होता, कामात असलेल्या माणसाच्या कपाळावर झुकतो तसा. त्या उजेडात तिला एक हात दिसला. डावा. त्यात पाचर होती आणि मनगटावरून पाणी गळत होतं. त्याच्यावर चेहरा असावा. सुनिल्दाने तिकडे पाहिलं नाही. तिला पाहायचं होतं, पण पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

दिवा वर झाला आणि तिच्यावर स्थिरावला. मागे पुष्कळ माणसांनी सुटकेचा श्वास टाकला, किंवा पाणी असेल ते.

"सापडली," त्याने मागच्यांना सांगितलं. आवाज तोच होता. घसा कोळशाने भरलेला, शेवटचा शब्द जरा खेचणारा. मग त्याने तिला विचारलं, "आणखी कोण आहे तिकडे?"

पाठीमागे, फार लांब, दारावरच्या थापा अजून ऐकू येत होत्या. "आई, आई," असं काहीतरी. जन्मभर ज्या हाकेला ती झोपेतूनही ओ देऊन उठली होती ती हाक.

"कोणी नाही," सुनिल्दा म्हणाली. "मी एकटीच आहे."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि तिच्या मागे पहिली पाचर निघाली.